बहादूरशहाची भांग आणि बाटलीतला हेम्प

वसईच्या इतिहासात २३ डिसेंबर १५३४ ही तारीख ठळक आहे. त्या दिवशी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगिजांशी तह केला आणि वसई, तिच्या आजूबाजूचा मुलूख व मुंबईची बेटे त्यांच्या हवाली केली. हुमायून चाल करून येण्याच्या बेतात होता, त्यामुळे समुद्रावर तरी शत्रू नको, असा सुलतानाचा हिशेब होता. हा तह पाठ्यपुस्तकांत सापडतो. याच बहादूरशहाची आणखी एक गोष्ट मात्र सहसा कुणाच्या कानावर पडत नाही. पोर्तुगीज सेनानी मार्तिम अफोन्सो दे सौझा याला सुलतानाने एकदा सांगितले होते, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण, कुठेही जावेसे वाटले तर आपण थोडी भांग खातो, की झाला प्रवास.

ही गोष्ट लिहून ठेवली गार्सिया द ऑर्ता याने. तो दे सौझाचा खासगी वैद्य म्हणून तहाच्याच वर्षी गोव्यात उतरला होता. पुढे मुंबई बेट त्याला पोर्तुगिजांकडून भाडेपट्ट्याने मिळाले. ते बेट तेव्हा वसईच्या कारभाराखाली होते. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. दोन माणसांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेल्या या ग्रंथात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. आपले नोकर आपल्या नकळत भांग घेतात, असे ऑर्ता तिथे नोंदवतो. ती घेतली की कामाचा शीण जाणवत नाही, मन खूश होते आणि खा-खा सुटते, असे त्या नोकरांनीच त्याला सांगितले होते. शिवाय हे रोप युरोपातल्या दोरखंडांच्या रोपासारखे दिसत असले तरी याचे बी लहान आहे आणि तितके पांढरे नाही, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही.

आज वसई-विरारमध्ये कुणी मोबाइलवर ‘हेम्प’ असा शब्द टाकला, तर मिनिटभरात बियांचे पाकीट, तेलाची बाटली, झोपेचे थेंब, सांधेदुखीचे मलम आणि कुत्र्यामांजरांची औषधेसुद्धा समोर येतात. हे सगळे एकाच जातीच्या रोपातून आलेले असते. यातले काही निव्वळ अन्न, काही औषध. आणि परदेशातून येणाऱ्या काही डब्यांत चक्क नशा असते. ऑर्ताला साडेचारशे वर्षांपूर्वी पडलेला प्रश्न या बाटल्यांपुढेही तसाच उभा आहे: दिसायला एकच असलेल्या या रोपात नेमके काय असते, आणि ते माणसाला काय करते?

आधी नावाचा घोळ मिटवायला हवा. वसई पश्चिमेला अंबाडी रोड आहे. अंबाडीची आंबट भाजी आणि त्यावर लसणाची फोडणी मराठी घरांत सर्वांच्या ओळखीची. हीच अंबाडी जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘डेक्कन हेम्प’ किंवा ‘बॉम्बे हेम्प’ म्हणून भेटते, पण ती जास्वंदीच्या कुळातली आहे. ताग किंवा सण म्हणजे इंग्रजांचे ‘सन हेम्प’. ते शेंगवर्गातले पीक. नायलॉन येण्यापूर्वी या किनाऱ्यावरच्या डोलजाळ्या सणाच्या आणि सुताच्या दोऱ्याने विणल्या जात. साहेबाला ज्या ज्या झाडाच्या सालीतून दोर निघताना दिसला, त्याला त्याने हेम्प म्हटले. अंबाडीत किंवा तागात नशेचा कणही नसतो. खरा हेम्प म्हणजे भांगेचे रोप, शास्त्रीय नावाने कॅनाबिस सटायव्हा. तो दोरासाठी किंवा बियांसाठी लावला तर हेम्प, पानांसाठी घेतला तर भांग, मादी फुलोऱ्यासाठी वाढवला तर गांजा, आणि त्याचा चीक चोळून गोळा केला तर चरस.

या रोपाचा मराठी मुलखातला एक जुना आणि पूर्णपणे निर्व्यसनी पुरावा वेरूळला आहे. पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ राहिलेले राजदेव सिंग आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी वेरूळच्या लेण्यांतला मातीचा गिलावा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात त्यांना भांगेच्या रोपाचे धागे आणि तुकडे सापडले. ओळख पटवण्यासाठी त्यांनी जालना भागातून ताजी रोपे आणून ती शेजारी ठेवून पाहिली. त्यांचा निबंध २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे रोप नाही आणि तिथल्या चित्रांचे किडीने मोठे नुकसान केले. वेरूळचा गिलावा दीड हजार वर्षे टिकला, त्यात या मिश्रणाचा वाटा असावा, असे दोघांचे म्हणणे. कारागिराला गिलाव्यासाठी चिवट आणि ओल सहन करणारा धागा हवा होता. त्या रोपाच्या फुलात काय आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

आपल्याला मात्र फुलापाशी जायचे आहे.

भांगेची नर आणि मादी रोपे वेगवेगळी असतात. मादी फुलोऱ्याचे एक पान भिंगाखाली धरले तर त्यावर काचेच्या टाचण्या टोचल्यासारखे बारीक केस दिसतात. प्रत्येक केसाच्या टोकाला एक चकाकती गोळी असते. या गोळीत चीक साठतो आणि ज्यांना ‘कॅनाबिनॉइड’ म्हणतात ती सगळी रसायने या चिकात असतात. देठात आणि धाग्यात ती नगण्य. बियांच्या आतल्या गरात तर ती जवळजवळ नसतातच. बियांच्या टरफलाला फुलाचा चीक लागलेला असतो तेवढाच अंश त्यांत येतो. परागकण मिळाले नाहीत तर मादी फुलोरा बी धरत नाही आणि चीक मात्र भरपूर करतो. बंगालच्या नौगाव भागातल्या गांजा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. शेतातली नर रोपे हेरून उपटून टाकण्यासाठी तिथे खास जाणकार बोलावला जाई. त्याला ‘पोद्दार’ म्हणत, आणि त्याची नजर चुकली तर सगळे पीक बियांनी भरून वाया जाई.

या गोळीच्या आत एक लहानसा कारखाना चालतो. रोप आधी सीबीजीए नावाचे एक आम्ल बनवते. त्यावर एक विकर काम करते तेव्हा टीएचसीए तयार होते, दुसरे विकर काम करते तेव्हा सीबीडीए. कुठल्या रोपात कुठले विकर जोरात चालणार, हे बहुतांशी त्याच्या वाणावर ठरते. म्हणूनच एका वाणाचा फुलोरा डोके फिरवतो आणि दुसऱ्याचा शेतभर दरवळला तरी कुणाला काही होत नाही. हे दोन्ही पदार्थ रोपात आम्लरूपातच असतात. विस्तवावर, भट्टीत किंवा चिलमीत उष्णता लागली की आम्लाचा एक तुकडा गळून पडतो आणि टीएचसी किंवा सीबीडी उरते. नशा येते ती टीएचसीने. साठवणीत जुन्या झालेल्या मालात टीएचसीचे हळूहळू सीबीएन होते. हल्ली ते ‘झोपेचे’ म्हणून विकले जाते, पण त्या दाव्याला अजून म्हणावा तसा आधार मिळालेला नाही. आईच्या जागी असलेल्या सीबीजीएपासून मिळणारे सीबीजीही आता बाटल्यांवर झळकते. अशी शंभराहून अधिक संयुगे या एका रोपातून ओळखली गेली आहेत.

मग हेम्प आणि गांजा यांतली सीमा कुठे? जगभरच्या कायद्यांत दिसणारा आकडा आहे ०.३ टक्के टीएचसी. कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी १९७६ मध्ये या रोपाचे वर्गीकरण करताना तो वापरला. कुठेतरी रेघ ओढायला हवी म्हणून त्यांनी ती तिथे ओढली. त्या रेघेखालची रोपे निसर्गाने वेगळी घडवलेली आहेत, असा दावा त्यांनीही केला नव्हता. वर्गीकरणाच्या सोयीची ती रेघ पुढे कायदेमंडळांनी उचलली. उत्तराखंडने २०१८ मध्ये देशात सर्वप्रथम हेम्पच्या शेतीला परवाने दिले, तेव्हा अट हीच होती. डोंगरात रानोमाळ उगवणाऱ्या स्थानिक भांगेत टीएचसी याहून बरेच जास्त असते आणि वाऱ्यावर येणारे तिचे पराग परवान्याच्या शेतात पडले की पुढच्या पिढीचे बी बिघडते. तिथल्या शेतकऱ्याची ही अडचण कागदावरच्या टक्केवारीत दिसत नाही.

ही रसायने हाती लागायला विज्ञानाला बराच काळ लागला. अफूतून मॉर्फीन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे झाले. भांगेचा चीक मात्र चिकट, तेलकट. त्याचा स्फटिक होईना. १८९६ मध्ये केंब्रिजच्या तिघा रसायनशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानी चरसातून एक लालसर तेल काढले. तेच पुढे सीबीएन म्हणून ओळखले गेले. १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स यांनी सीबीडी वेगळे केले. त्याची नेमकी रचना १९६३ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशुलम यांनी मांडली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी येहिएल गाओनी यांच्यासह शुद्ध टीएचसी वेगळे केले.

टीएचसी शरीरातल्या ज्या कुलपात बसते, ते सापडायला आणखी पाव शतक गेले. १९८८ मध्ये अ‍ॅलिन हॉवलेट यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले, की टीएचसी मेंदूतल्या एका ठरावीक ग्राहीवर जाऊन बसते. तिचे नाव पडले सीबी-१. निसर्गाने माणसाच्या मेंदूत भांगेसाठी कुलूप कशाला बसवावे? शरीर स्वतःच त्याची किल्ली बनवत असले पाहिजे, हे उघड होते. १९९२ मध्ये मेशुलम यांच्या सहकाऱ्यांनी, विल्यम डेव्हेन आणि लुमिर हानुश यांनी, डुकराच्या मेंदूतून ती किल्ली शोधून काढली. तिचे नाव त्यांनी ठेवले ‘आनंदामाइड’. जेरुसलेममधल्या प्रयोगशाळेने या रेणूसाठी संस्कृतातला ‘आनंद’ निवडला.

सीबी-१ या ग्राही मेंदूत कुठे दाटीने आहेत, हे पाहिले की ऑर्ताच्या नोकरांचे सगळे बोलणे उलगडते. त्या भूक सांभाळणाऱ्या भागात आहेत, म्हणून खा-खा सुटते. ताजी आठवण साठवणाऱ्या भागात आहेत, म्हणून बोलता बोलता वाक्य हरवते. तोल आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागांत आहेत, म्हणून चाल बिघडते आणि गाडी चालवणे जिवावर बेतते. श्वास चालू ठेवणाऱ्या मेंदूच्या बुंध्यात त्या फार थोड्या आहेत. अफूचा जास्त डोस जसा श्वास थांबवतो तसे भांगेने प्रौढ माणसाला सहसा होत नाही, त्याचे कारण हेच. याचा अर्थ ती निर्धोक आहे असा मात्र नाही. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात जोरकस टीएचसी नेमाने घेणाऱ्यांमध्ये भ्रम आणि मनोविकारांचा धोका वाढतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. सवय लागते, ती सुटताना झोप उडते आणि चिडचिड होते. लहान मुलाने चुकून खाल्ले तर रुग्णालय गाठावे लागते.

सीबीडी या कुलपात नीट बसतच नाही. म्हणून त्याने नशा येत नाही. ते दुसऱ्याच काही ग्राहींना आणि विकरांना जाऊन भिडते आणि त्यामुळे त्याचे परिणामही वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये सांगितले, की शुद्ध सीबीडीत व्यसन लावण्याची लक्षणे आढळत नाहीत. त्यामुळे हेम्पची बाटली घेणाऱ्याने आपल्याला यातले कोण मिळते आहे, हे आधी विचारायला हवे. नुसत्या ‘हेम्प’ या शब्दातून त्याचे उत्तर मिळत नाही.

घेण्याच्या पद्धतीनेही खूप फरक पडतो. नालासोपारा-विरारकडे उत्तर भारतातून येऊन स्थिरावलेल्या घरांत होळीला थंडाई होते. बहुतेक घरांत ती बदाम, बडीशेप, मिरी, वेलची आणि दुधाची असते. तिच्यात भांग घालायची झाली तर जुने जाणकार दूध, तूप, खवा यांच्याच संगतीने घालतात. त्यामागे पक्के रसायनशास्त्र आहे. कॅनाबिनॉइड पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. सीबीडीवरच्या औषधाच्या चाचण्यांत भरपूर स्निग्ध जेवणासोबत दिलेल्या मात्रेचे रक्तातले प्रमाण उपाशीपोटी दिलेल्यापेक्षा सुमारे चौपट भरले. धूर ओढला तर परिणाम मिनिटांत जाणवतो. पोटातून घेतले तर अर्धा ते दोन तास लागतात. शिवाय यकृतात टीएचसीचे रूपांतर आणखी जोरकस रेणूत होते. पेलाभर पिऊन तासभर काहीच झाले नाही म्हणून दुसरा पेला घेणारा माणूस पुढच्या तासाला दोन्ही पेल्यांखाली सापडतो. छाती धडधडते, भीती वाटते, वेळ सरकत नाही आणि सहा-आठ तास त्यातून सुटका नसते.

आता प्रत्यक्ष बाजारात मिळणाऱ्या वस्तूंकडे येऊ.

पहिली वस्तू म्हणजे बी आणि बियांचे तेल. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचे बी, त्याचे पीठ आणि तेल यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. सीबीडी किलोमागे ७५ मिलिग्रॅमच्या आत हवे. कुमाऊंच्या डोंगरात या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाते. बियांत चांगली प्रथिने आणि तिसऱ्या हिश्शाइतके तेल असते. तीळ-जवसासारखे खावे असे ते अन्न आहे. घोटाळा पुढे होतो. ‘हेम्प ऑइल’ म्हणून हेच तेल घेऊन गुडघेदुखी किंवा निद्रानाश बरा होईल, अशी आशा माणूस धरतो. चमचाभर, म्हणजे पाचेक ग्रॅम तेलात कायद्याने अर्धा मिलिग्रॅमसुद्धा सीबीडी असू शकत नाही. मिरगीच्या मुलांना सीबीडीचे औषध देतात तेव्हा वीस किलोच्या मुलाला दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या घरात मात्रा जाते. तेवढी मात्रा बियांच्या तेलातून मिळवायची तर पाचशेहून अधिक चमचे प्यावे लागतील.

दुसरी वस्तू म्हणजे पानांच्या अर्काची औषधे. आयुर्वेदात भांगेला ‘विजया’ म्हणतात आणि सध्या बाटलीवर बहुधा हेच नाव असते. औषध नियमांच्या ‘ई-१’ या अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे, त्यामुळे अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. या अर्कात सीबीडीबरोबर टीएचसीही असू शकते. बियांच्या तेलाची बाटली आणि ही बाटली रंगाने, आकाराने सारखी दिसते. फरक असतो तो परवान्याच्या क्रमांकात, घटकांच्या यादीत आणि चिठ्ठीच्या अटीत. आयुर्वेदातले विजयेचे ज्ञान मोठे आहे यात शंका नाही. ‘आयुर्वेदिक म्हणजे अपाय नाहीच’ ही समजूत मात्र खुद्द आयुर्वेदाचीही नाही. तिथे विजया शुद्ध करून आणि मात्रेत देण्याचा दंडक आहे.

या धंद्यात मुंबईचे एक नाव ठळक आहे. २०१३ मध्ये सात मित्रांनी ‘बॉम्बे हेम्प कंपनी’, म्हणजेच ‘बोहेको’, सुरू केली. सुरुवात कापडाच्या आणि धाग्याच्या कल्पनेपासून झाली, पुढे बियांचे अन्न आणि औषधांकडे वळण मिळाले. जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेशी त्यांनी संशोधनासाठी हात मिळवले. रतन टाटा यांनी तिच्यात गुंतवणूक केली, तेव्हा ‘भांगेची कंपनी’ या शब्दांनी दचकणाऱ्या मध्यमवर्गाचे कुतूहल जागे झाले.

तिसरी वस्तू अमेरिकेहून येते. न्यू जर्सीत राहणारा भाचा दिवाळीला येताना मामासाठी गोड गोळ्यांचा डबा आणतो; डब्यावर लिहिलेले असते ‘हेम्पपासून बनवलेले, कायदेशीर’. अमेरिकेने २०१८ च्या शेतकी कायद्यात ०.३ टक्क्यांखालच्या हेम्पला मोकळीक दिली, पण मोजदाद फक्त डेल्टा-९ टीएचसीची ठेवली. कारखानदारांनी हेम्पमधले स्वस्त सीबीडी घेतले, त्यावर आम्लाची प्रक्रिया करून डेल्टा-८ टीएचसी बनवले आणि गोळ्यांत भरले. रेणूतल्या एका दुहेरी बंधाची जागा तेवढी बदललेली. नशा थोडी सौम्य, पण नशाच. प्रक्रियेत तयार होणारे इतर पदार्थ काढून टाकले की नाही, याची खातरजमा कुणी करत नव्हते. डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२२ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे डेल्टा-८ घेतल्यावर त्रास झाल्याचे १०४ अहवाल आले. युरोपात एचएचसी नावाचे असेच एक रूप पसरले. ते मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नियंत्रित यादीत गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनेही हेम्पची व्याख्या आवळली. डब्यात एकूण टीएचसी ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा नियम आला आणि अंमलासाठी वर्षभराची मुदत ठेवली गेली.

भारतात या गोळ्यांना पहिल्यापासून थारा नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यातल्या मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टीएचसीची भावंडेही आहेत, आणि त्यांत डेल्टा-८ येते. भाच्याने तो डबा तिकडे साध्या दुकानातून घेतला असला तरी मुंबईच्या विमानतळावर उतरताच त्याचा अर्थ बदलतो. मामाच्या गुडघ्यांसाठी आणला, हे सांगून कस्टमपुढे निभाव लागत नाही.

याच कायद्याने गांजाची व्याख्या केली आहे ती फुलोऱ्यावरून. फुलोरा सोबत नसेल तर बी आणि पाने तिच्यात मोडत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात या व्याख्येवर नेमके बोट ठेवले होते. हे वाचून पाने मोकळी आहेत असे कुणाला वाटेल. पानांचा विषय राज्यांकडे आहे, आणि आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेच्या पानांनाही मादक द्रव्यातच धरतो; परवान्याशिवाय ती बाळगता येत नाहीत. वसईच्या वाडीत केळी, सोनचाफा, नागवेलीच्या ओळींत हौसेने एखादे रोप लावावे, असे कुणाच्या मनात येत असेल तर तेही परवान्याविना गुन्हाच. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

मग सीबीडीने खरोखर काय साधते? याचा सगळ्यात भक्कम पुरावा मिरगीच्या आजारात आहे, आणि त्याची सुरुवात कलकत्त्यात झाली. १८३९ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजचे डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी भांगेच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारणारे ते हेच गृहस्थ. त्यांच्या रुग्णांत चाळीस दिवसांचे एक तान्हे बाळ होते, त्याला एकामागून एक झटके येत होते. या अर्काने ते थांबले. १७९ वर्षांनी, जून २०१८ मध्ये, अमेरिकेने शुद्ध सीबीडीचे ‘एपिडायोलेक्स’ हे औषध ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या बालवयातल्या दोन दुर्धर मिरगींसाठी मंजूर केले. ड्राव्हेच्या १२० रुग्णांवरच्या चाचणीत मोठ्या झटक्यांचा महिन्याचा मध्यांक औषध घेणाऱ्यांत १२.४ वरून ५.९ वर आला. नुसते रूपाला सारखे, औषध नसलेले द्रव घेणाऱ्यांत तो १४.९ वरून १४.१ इतकाच हलला. दिवसाआड कोसळणाऱ्या लेकराच्या आईला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

चिंता, झोप, जुनी दुखणी यांवरचा पुरावा याच्या जवळपासही नाही. काही लहान अभ्यास आशा दाखवतात, काहींत सीबीडी आणि साध्या गोळीत फरक दिसत नाही. जाहिराती मात्र मिरगीच्या यशाची पुण्याई मलमापासून च्युइंगगमपर्यंत सगळ्यांना वाटून टाकतात, आणि आजाराने कंटाळलेल्या माणसाची ही फसवणूक आहे. सीबीडीचे स्वतःचे त्रासही आहेत: गुंगी, जुलाब, भूक मंदावणे, मोठ्या मात्रेत यकृताच्या चाचण्या बिघडणे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांना दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका, असे सांगितले. लेबलही भरवशाचे नसते. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली. त्यांतल्या ३१ टक्क्यांवरच लिहिलेला आकडा खरा निघाला आणि १८ उत्पादनांत टीएचसी आढळले. नोकरीच्या ठिकाणी लघवीची तपासणी होणाऱ्या खलाशाला, चालकाला किंवा खेळाडूला तेवढे टीएचसी अडचणीत आणायला पुरेसे आहे.

म्हणून बाटली हातात आली की पुढच्या ठळक अक्षरांवर विसंबू नये, ती उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. ‘हेम्प सीड ऑइल’ लिहिले आहे की ‘विजया अर्क’? अन्नाचा परवाना क्रमांक आहे की आयुष औषधाचा? सीबीडी आणि टीएचसी किती, ते मिलिग्रॅममध्ये वेगवेगळे दिले आहे की नुसतेच ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हटले आहे? त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की रोपातली सगळी संयुगे, टीएचसीसुद्धा, त्यात ठेवली आहेत. त्याच खेपेच्या तपासणीचा प्रयोगशाळेचा अहवाल मागितला तर विक्रेता देतो का?

आणि घरातल्या औषधांच्या डब्याशी ती पडताळून पाहावी. यकृतातली जी विकरे रोजच्या निम्म्याअधिक गोळ्या पचवतात, त्यांतल्या काहींना सीबीडी अडवून धरते. मिरगीच्या क्लोबाझामचे रक्तातले प्रमाण त्याने चढते. व्हॅल्प्रोएटसोबत यकृतावर ताण येतो. हृदयाची झडप बदललेला आणि वॉरफरिनवर असलेला माणूस ठरावीक दिवसांनी रक्त पातळ किती झाले ते तपासून घेतो आणि डॉक्टर त्यावरून गोळी कमी-जास्त करतात. त्याने मधल्या काळात कुणाच्या सांगण्यावरून झोपेचे चार थेंब सुरू केले तर पुढच्या तपासणीत आकडा चढलेला येऊ शकतो, दाढी करताना झालेली जखम वाहत राहू शकते, आणि डॉक्टरांना कारण सापडत नाही, कारण ते थेंब त्यांच्या चिठ्ठीवर नसतात.